साडीवरचा शर्ट तुमच्या जाहिरातीत कधी येणार?

बियाण्यांच्या, खतांच्या आणि फवारणीच्या औषधांच्या जाहिराती बनवणारे, आणि त्या पाहून मान डोलावत पास करणारे साहेब,

पत्राच्या मायन्यात 'सप्रेम' लिहायची रीत आहे. तुमच्यासाठी तो शब्द हातून उतरत नाही, म्हणून नुसता नमस्कार. मी जालना जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरातली बाई. तुमच्यापैकी कुणा एका कंपनीचं नाव घेत नाही. एकीचं घेतलं तर बाकीच्या हुश्श करून सुटतील, आणि सोडावी अशी एकही माझ्या पाहण्यात नाही.

रोहिण्या लागल्या की आमच्याकडे तुमचा हंगाम सुरू होतो. नव्या मोंढ्यात, अंबड चौफुलीला, भोकरदन नाक्यावर फ्लेक्स चढतात. फाट्याफाट्यावरच्या भिंती रंगतात. रिक्षावरचा भोंगा गल्लीबोळ पालथे घालतो. कृषी सेवा केंद्रांच्या दारात पताका लागतात. आणि जिकडे पाहावं तिकडे तोच माणूस उभा. पांढरा फेटा, पिळदार मिशी, इस्त्रीचा सदरा, एक हात ट्रॅक्टरच्या बोनेटवर. त्याच्या मागे, जरा अंतर राखून, ती. डोक्यावर भाकरीची दुरडी, हातात पाण्याचा तांब्या, घडी न मोडलेलं लुगडं, नाकात नथ, हातभर हिरवा चुडा, गोरापान चेहरा. तो कपाशीच्या बोंडाकडे पाहतो, नाहीतर तुमच्या पाकिटाकडे. ती त्याच्याकडे पाहते. पाकिटाकडे बघायचीही तिला परवानगी नाही. तुमच्या जाहिरातीत बाईच्या नजरेला एवढीच जागा आहे.

तिची दुरडी खाली ठेवून झाल्यावर ती काय करते, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत का? भाकरी खाऊन झाली की पदर खोचून ती पातीला लागते. खुरपणी करते, न उगवलेल्या जागी नांग्या भरते, खत टाकते, वेचणी करते. पहाटे चूल पेटवून, भाकऱ्या थापून, जनावरांचं उरकून ती आलेली असते, आणि दिवस मावळला की परत चुलीपुढेच जायचं असतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत हे मोजलेलं आहे. घरकाम करणारी बाई दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवते. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांचीही भरतात ९७ मिनिटं. तुमचा फोटो दुरडी खाली उतरायच्या आधीच थांबतो. पुढचा अख्खा दिवस तुम्ही कापून टाकता, आणि त्या दिवसावरच तर पीक उभं आहे.

खुरपायला जाणारी बाई दिसते कशी, तेही सांगते. साडीचा घोळ वर खोचलेला. साडीवर नवऱ्याचा नाहीतर लेकाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. डोक्याला रुमाल असा आवळलेला की कपाळ, कान आणि मान सगळं झाकावं. हा शर्ट हौसेचा नाही. उन्हाने कातडी सोलते, पानांच्या लवेने अंग खाजतं, आणि वेचणीच्या दिवसांत वाळलेल्या बोंडांची टोकं मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडतात, म्हणून तो घालायचा. कमरेला कापसाची ओटी बांधलेली असते. दिवसभर वेचून संध्याकाळी तोलायला बसतात तेव्हा या बायांची बोटं बघा. नखांच्या कडा चिरलेल्या असतात, त्या चिरांत तेल घालून रात्र काढतात. परतूर, मंठा, घनसावंगी, कुठल्याही फाट्यावर सकाळी उभे राहा. मजूर बायांनी भरलेले टेम्पो नि ॲपे जातील, आणि त्यातली बहुतेक प्रत्येक बाई अशा शर्टात असेल. मराठवाड्यातल्या शेतकरी बाईचा हाच गणवेश झाला आहे. तुमच्या फ्लेक्सवर मात्र तो मला एकदाही दिसला नाही. तुम्हाला बाईची नथ दाखवायची असते. तिच्या अंगावर शर्ट आला की तिचं काम दिसायला लागतं, आणि काम दिसलं की मिशीवाल्याचा रुबाब कमी होतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

आणि हे सगळं तुम्ही जालन्यात करता, याचा राग जास्त आहे. हा जिल्हा देशाला बियाणं पुरवतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको काढली, भेंडीपासून कपाशीपर्यंत संकरित बियाण्यांचा धंदा या मातीत रुजला, आणि १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जालन्यापासून देऊळगाव राजा, सिंदखेड राजापर्यंत शेडनेटच्या पांढऱ्या-हिरव्या जाळ्यांखाली टोमॅटो, मिरची, काकडीचे सीड प्लॉट उभे आहेत. ते बियाणं यंत्रातून पडत नाही. ते बायांच्या बोटांतून निघतं.

ते कसं, हे तुम्हाला माहीत असायला हवं, कारण त्याच बियाण्याची जाहिरात तुम्ही करता. टोमॅटोची कळी उमलायच्या आदल्या दिवशी बाई रोपापुढे वाकते. चिमट्याने कळी उघडते, आतली पुंकेसरांची पिवळी नळी अलगद उपसून काढते. स्त्रीकेसराला धक्का लागला तर कळी गेली. नळीचा तुकडा आत राहिला तर ती कळी स्वतःच्याच परागाने फळते आणि संकर बिघडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलांतून काढलेला पराग घेऊन ती परत त्याच ओळीत येते आणि एकेका फुलाला तो लावते. क्रॉसिंग झाल्याची खूण म्हणून फुलाच्या एकदोन हिरव्या पाकळ्या कातरते. तोडणीला ही कातरलेली खूण बघूनच फळ ठेवायचं की फेकायचं ते ठरतं. एका प्लॉटमध्ये अशी हजारो फुलं असतात, आणि प्रत्येक फुलाला दोन वेळा हात लागतो. जाळीच्या आत हवा कोंडलेली असते, उकाडा बाहेरच्यापेक्षा जास्त. हे काम बहुतांश बायाच करतात. मुकादमाला विचारलं तर तो म्हणेल, गड्यांना हे जमत नाही, त्यांना दम निघत नाही.

म्हणजे संकर जमला की नाही याची पारख जिच्या बोटांत आहे, तीच बाई तुमच्या पाकिटावर पाणी घेऊन उभी आहे. बियाणं शुद्ध निघालं तर श्रेय कंपनीच्या संशोधनाचं आणि फेटेवाल्याच्या अकलेचं. तिच्या वाट्याला तांब्या.

तुमच्यातला एखादा म्हणेल, बाई, एवढं काय, फोटोच तर आहे. थांबा. फोटोपाठोपाठ काय काय जातं ते मोजू.

तुमचा शेतकरी मेळावा. मांडव पडतो, खुर्च्या लागतात, तज्ज्ञ येतात, चहा-नाश्ता होतो. निमंत्रण पत्रिकेवर 'शेतकरी बांधवांनो' असतं. बाया आल्याच तर स्वागताला आरतीचं ताट धरायला, नाहीतर पाहुण्यांना ओवाळायला. लागवडीचं अंतर किती, खताची मात्रा कधी, पाण्याचा ताण कुठल्या अवस्थेत चालत नाही, हे सगळं पुरुषांना सांगितलं जातं. सरकी टोकायला मात्र तीच जाते. मेळाव्यात ऐकलेलं घरी येईपर्यंत अर्धं गळतं, उरलेलं 'सांगतो तसं कर' एवढ्यावर येतं. तुमच्याच बियाण्याची लागवड चुकली तर तुमचंच नाव खराब होतं, एवढा साधा हिशेबही तुम्ही केलेला नाही.

मग पाकीट. त्यावर लॉट नंबर असतो, उगवणीची टक्केवारी असते, वैधतेची तारीख असते. १९६६ च्या बियाणे कायद्याने बियाण्याच्या पिशवीवर लेबल लागतं. उगवण फसली तर सगळ्यात आधी बाईला कळतं, कारण कुठे किती रोपं निघाली हे नांग्या भरताना तिच्या पायांखाली असतं. पण तक्रार करायची तर पावती लागते, पावती नवऱ्याच्या नावावर असते, पंचनाम्याला साहेब आले की बोलायला पुरुष पुढे होतात, आणि पाहिलेली बाई बांधावर उभी राहते. २०१७ च्या हंगामात मराठवाडा आणि विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. बोंड उकलताना आतली अळी, पिवळी पडलेली कवडी वेचणाऱ्या हातांना लागते. तुमच्या कंपनीच्या माणसाने त्या हातांना कधी विचारलं का, की ताई, कुठल्या वेचणीपासून दिसायला लागली? ज्याला विचारलं तो ट्रॅक्टरच्या बोनेटवर हात ठेवून उभा होता.

औषधांच्या जाहिराती पाहून तर अंगावर काटा येतो. हसतमुख गडी, पाठीवर पंप, तोंडाला काही नाही, हातात मोजे नाहीत, वारा तोंडावर घेत फवारतोय. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर तरी तुमच्या चित्रातल्या माणसाच्या तोंडावर मास्क सक्तीने चढायला हवा होता. आणि फवारणी त्याच्या एकट्याची कधीच नसते. पिंपात पाणी ओतायला ती असते, संध्याकाळी त्याचे औषधाने भिजलेले कपडे हातांनी घासायला ती असते. तो शर्ट विटला की साडीवर घालायला तिच्याच वाट्याला येतो. तिला इशारा कोण देणार? डबीवरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा आणि त्या रंगाचा अर्थ काय, हे तिला सांगणारी एक तरी जाहिरात दाखवा.

खोटेपणा फक्त बायांच्या बाबतीत नाही, हेही कबूल करा. तुमच्या कपाशीच्या झाडाला पानापेक्षा बोंडं जास्त असतात. तुमच्या शेतात दोन पावसांत खंड पडत नाही. तुमच्या शेतकऱ्याच्या दाराशी सावकार येत नाही, बँकेची नोटीस येत नाही. या गोष्टीला जुना इतिहास आहे. २००८ मध्ये बीटी कपाशीने यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या गावांचं कसं सोनं केलं, असा मजकूर एका मोठ्या इंग्रजी दैनिकात आला. २०११ मध्ये तोच मजकूर जाहिरातीच्या पानावर पुन्हा छापला गेला. पी. साईनाथ यांनी २०१२ मध्ये 'द हिंदू'त हे उघड केलं, आणि त्या गावांतल्या लोकांनी त्यांना आत्महत्यांबद्दल सांगितलं. ज्या गावाच्या नावावर तुम्ही सोनं पिकवता, त्या गावात माणसं मरत असतील तर ती जाहिरात निव्वळ फसवणूक आहे. मग त्यात बाई कशी दाखवली हा त्या फसवणुकीतला एक भाग.

तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. दुकानात येणारं गिऱ्हाईक पुरुष आहे, आम्ही त्याच्याशी बोलतो. बरं, तो का येतो आणि ती का येत नाही, हे बघू. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीधारकांमागे जेमतेम चौदा बाया होत्या. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. कर्ज नाही म्हणून दुकानात खातं नाही. खातं नाही म्हणून पावती नाही. पावती नाही म्हणून तुमच्या यादीत ती गिऱ्हाईक नाही. आणि तुमच्या जाहिरातीत ती नाही, म्हणून दुकानदारालाही वाटतं की हिला काय कळतं. दुसऱ्या बाजूला हे धरा: २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीत ग्रामीण भागातल्या कामकरी बायांपैकी शंभरात ७६ शेतीत होत्या. पुरुषांत हा आकडा पन्नासच्या आत होता. घरचे पुरुष वाळूज, चाकणच्या कंपन्यांत गेले, कुणी ड्रायव्हरकीला गेला, आणि शेत कुणाच्या अंगावर पडलं, ते या आकड्यात दिसतं. तुम्ही ज्याच्याशी बोलताय तो शेतातून हळूहळू बाहेर निघाला आहे.

हे कुणाला कळलंच नव्हतं, असंही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं, तिथे बाया प्रचंड संख्येने जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या, असं पुरुषांना सांगत कार्यकर्ते गावोगाव फिरले, आणि खेड्यातल्या साध्या शेतकऱ्यांनी ते करूनही दाखवलं. धोतर नेसणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या माणसांना जे पटलं, ते वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या तुम्हाला अजून पटत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा फोटो दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर छापायला तुम्हाला आवडतं. पाकिटावर कधी छापणार?

तुमचं दुसरं उत्तर असं, की समाज आहे तसा आम्ही दाखवतो. तुम्ही तसा दाखवत असता तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. आहे तसा दाखवा, मी तेच मागतेय. मंठ्याच्या तांड्यावरची बंजारा बाई तुमच्या जाहिरातीत कुठे आहे? गायरानावर हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडणारी आणि ते कसणारी दलित बाई? मिरचीच्या तोड्याला सगळ्यांबरोबर राबणारी मुसलमान बाई? नवऱ्याने गळफास घेतल्यावर पोरांना पदराखाली घेऊन, सासऱ्याशी भांडून, दोन एकर स्वतः करणारी विधवा? पेरणीच्या वेळी तीही दुकानात येते. पैसे पदराच्या गाठीत असतात. समोर टांगलेल्या पोस्टरवर मिशी पिळणारा माणूस आणि पाकिटावर वाघाचं, राजाचं, पैलवानाचं नाव. त्या क्षणी तिला कळतं की हे दुकान आपल्यासाठी नाही. अंबड, घनसावंगीकडून ऊसतोडीला नवराबायकोची जोडी जाते, तिला तिथे 'कोयता' म्हणतात, आणि त्यात दोघं बरोबरीने राबतात. तुमच्या जाहिरातीतली जोडी मात्र एकाने उभं राहायचं आणि दुसरीने वाढायचं, अशी. सावळी बाई तुमच्या फोटोत शेवटची कधी आली? मराठवाड्याच्या उन्हात गोरीपान राहिलेली बाई तुम्हाला सापडते तरी कुठून?

पुरुषांनाही तुम्ही कमीच दाखवता. बायकोला वेचणीतून उठायला नको म्हणून मोटारसायकलवर डबा घेऊन येणारा नवरा आमच्या गावात आहे. बाळाला झोळीत झुलवत बांधावर बसलेला आजा आहे. पाठ मोडलेला, दात पडलेला, तरी पाणी धरायला जाणारा म्हातारा आहे. या माणसांना तुमच्याकडे फेटा मिळत नाही.



आता कायद्याचं. बायकांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा १९८६ पासून आहे, पण तो अश्लीलतेपुरता. डोक्यावर दुरडी ठेवलेल्या बाईला तो काय करणार? २०२२ च्या जूनमध्ये एका बॉडी स्प्रेच्या जाहिरातीत चार पुरुष आणि एकटी मुलगी दाखवून बलात्काराची भीती विनोदासारखी वापरली होती, तेव्हा केंद्र सरकारने ती थांबवायला लावली. त्याच महिन्यात ॲस्की या जाहिरातदारांच्याच संस्थेने बाई आणि पुरुष यांना साचेबंद भूमिकांत कोंबण्याविरुद्ध नियम काढले. एखादं काम किंवा भूमिका एकाच लिंगाची, असं ठसवणाऱ्या जाहिराती त्यात आक्षेपार्ह ठरतात. ब्रिटनने असा नियम २०१९ पासून लागू केला आहे. म्हणजे तुमच्याच धंद्याने तुम्हाला सांगून ठेवलेलं आहे. हे नियम मुंबईच्या टीव्हीपर्यंत पोचले असतील. मंठ्याच्या बाजारातल्या भिंतीपर्यंत आणि जाफराबादच्या रिक्षावरच्या भोंग्यापर्यंत ते आलेले दिसत नाहीत. गावच्या भिंतीची तक्रार कोण करणार, असं तुम्हाला वाटत असेल, तर हे पत्र तक्रार समजा.

जमत नाही, असंही म्हणू नका. तुमच्याच धंद्यातल्या लोकांनी ऐंशीच्या दशकात ललिताजी उभी केली होती. कविता चौधरींनी ती केली, जाहिरात सर्फची. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, आणि महागडी पावडर का परवडते याचा हिशेब ठामपणे सांगणारी ती बाई अख्ख्या देशाच्या लक्षात राहिली. कपडे ती धूतच होती, तेवढं तिथेही सुटलं नव्हतं. पण तिच्या डोक्यात हिशेब चालतो हे जाहिरातवाल्याला मान्य होतं. २०१५ मध्ये एरियलने मग तेही विचारलं, की धुणं बाईनेच का. साबणवाल्यांना जे चाळीस वर्षांपूर्वी कळलं, की खरेदीचा विचार करणाऱ्या बाईला विचार करताना दाखवलं तर माल खपतो, ते बियाणेवाल्यांना कळायला किती खरीप जावे लागणार?

मला काय हवं, ते सरळ लिहिते. पाकिटावर बाई असेल तर तिच्या हातात पाकीट द्या, आणि ती लॉट नंबर वाचत असू द्या. तिच्या अंगावर शर्ट असू द्या. मेळावा घ्याल तर वेळ बायांना विचारून ठरवा. सकाळी दहाला त्या रानात असतात, दुपारी चारला कळ्यांतले पुंकेसर काढायला. बोलायला बाई तज्ज्ञ बोलवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, आपल्या बदनापूरच्या कृषी महाविद्यालयात मुली शिकून बाहेर पडतात, त्या मिळत नाहीत असं नाही. गावात कृषी सखी आहेत, बचत गट आहेत, त्यांच्या बैठकीला जा आणि त्यांना नमुन्याचं बियाणं द्या, नुसती पिशवी आणि टोपी नको. फवारणीच्या जाहिरातीतल्या प्रत्येक माणसाच्या तोंडाला मास्क आणि हाताला मोजे हवेत, आणि ते कपडे वेगळे धुवायचे हेही त्यात हवं. उत्पन्नाचा आकडा छापाल तर कुठल्या जमिनीत, किती पाण्यावर, तेही त्याच टायपात छापा. सीड प्लॉटवरच्या बायांचा फोटो घ्याल तर त्यांना विचारून घ्या आणि त्याचे पैसे द्या. मॉडेलला देता, तसेच.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलेलं आहे. त्या निमित्ताने तुमच्यापैकी बरेच जण ८ मार्चला गुलाबी फुग्यांचं पोस्टर टाकतील, त्यावर नारीशक्तीला सलाम असेल. तो सलाम आम्हाला नको. ८ मार्चचं पोस्टर ९ मार्चला उतरतं, आणि जूनचा फ्लेक्स दिवाळीपर्यंत फाटत फाटत लोंबत राहतो. बदल जूनच्या फ्लेक्सवर करा.

तुमच्या खरिपाच्या जाहिराती उन्हाळ्यातच ठरतात, त्यामुळे त्याआधी एकदा इकडे या. कॅमेरा आणलात तरी चालेल, मेकअपवालीला आणू नका. देऊळगाव राजाच्या रस्त्याला कुठल्याही शेडनेटवर थांबा, मुकादमाची परवानगी घ्या, आणि सकाळी लवकर पोचा. उन्हं चढायच्या आत पराग लावून संपवायचा असतो, तोवर तुमच्याशी बोलायला कुणाला फुरसत नसेल. तेव्हा नुसतं बघा. बोलायचं ते भाकरी खाताना बोलू, आणि पोस्टरचा कच्चा नमुना बरोबर आणा. छापायला देण्याआधी तो त्या बायांच्या हातात द्या. काय चुकलं ते त्या सांगतील, आणि त्यांनी सांगितलेलं लिहून घ्यायला वही तुमची तुम्हीच आणा.

जालना जिल्ह्यातली एक गिऱ्हाईक